दिवा हिरवा, घरात पाणी

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी शेवटचं तेवढं वाचा, तिथे एक काम सांगितलंय.

मागच्या आठवड्यात एका बैठकीला गेलो होतो. कुणाची, कुठे, ते सोडा. माणसं भली होती आणि चहा चांगला होता. विषय नेहमीचाच, पावसाळा आणि पूर. एका गृहस्थांनी पडद्यावर चिपळूणचा नकाशा लावला, त्यावर गोल गोल दिवे. बाजारपूल हिरवा, बहादूरशेख नाका हिरवा, गोवळकोट हिरवा, खेर्डी हिरवी. "पाणी वाढलं की दिवा पिवळा, मग लाल. सगळं मोबाईलवर, लाईव्ह." टाळ्या पडल्या. मी हात वर केला. म्हटलं, "साहेब, गोवळकोटचा सेन्सर बंद पडला तर दिवा कुठल्या रंगाचा?" त्यांनी मागे वळून लॅपटॉपवाल्या पोराकडे पाहिलं. पोरगा प्रामाणिक. म्हणाला, "सर, शेवटचा जो आकडा आला असेल तो तसाच राहतो."

म्हणजे हिरवा.

माझं भांडण त्या गृहस्थांशी नाही, त्या पोराशी तर मुळीच नाही. भांडण त्या हिरव्या दिव्याशी आहे. ज्या यंत्रणेला "मला माहीत नाही" असं म्हणताच येत नाही, तिच्या "सगळं ठीक आहे" ला काडीची किंमत नाही. आणि नदीकाठी असे शंभर दिवे लावले तरी पाणी कुठून निघालं, कुणाच्या हातातून गेलं, किती वाजता गेलं, हे त्यातून कळत नाही. चिपळूणला दिवे नकोत असं मी म्हणत नाही. आधी माग हवा. पाण्याचा माग. तो नसताना दिवे विकत घेणं म्हणजे पत्रे फुटलेल्या घराला रंग काढणं.

हे हवेत बोलत नाही. माझ्या धंद्यात हेच दुखणं रोज बघतो, आणि त्यापायी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून बोलतो. थोडं तांत्रिक आहे, पण खानावळीत जेवलेल्या कुणालाही कळेल.

मी पोटासाठी सर्व्हरचं काम करतो. ग्राफक्यूएल नावाचा एक प्रकार आहे. फेसबुकनेच २०१२ मध्ये आपल्या मोबाईल ॲपसाठी बनवला आणि २०१५ मध्ये सगळ्यांना खुला केला. समजा खानावळ आहे. जुन्या पद्धतीत भाताची खिडकी वेगळी, आमटीची वेगळी, माशाची वेगळी, प्रत्येकीसमोर वेगळी रांग. ग्राफक्यूएलमध्ये खिडकी एकच. तुम्ही एका चिठ्ठीवर लिहून देता: भात, आमटी, तळलेली सुरमई, सोलकढी. आत गेल्यावर ती चिठ्ठी फुटते. प्रत्येक पदार्थामागे एक माणूस असतो, त्याला आम्ही रिझॉल्व्हर म्हणतो. कुणी आपल्याच चुलीवर करतो, कुणी शेजारच्या दुकानात पोरगा पिटाळतो. सगळं जमलं की एक ताट बाहेर येतं. गिऱ्हाईकाला सुख.

आता गल्ल्यावरच्या मालकाला काय दिसतं? एक खिडकी आणि वहीत एक ओळ: ताट दिलं. ताटात सुरमई नव्हती, तिच्या जागी "मासे मिळाले नाहीत" अशी चिठ्ठी ठेवली होती, तरी वहीत "ताट दिलं". वेबच्या भाषेत याला २०० म्हणतात. ४०४ म्हणजे सापडलं नाही, ५०० म्हणजे आमचंच काहीतरी फुटलं, आणि २०० म्हणजे ठीक. ग्राफक्यूएलचे बहुतेक सर्व्हर आत एखादं खानं चुकलं तरी वर २०० लिहून पाठवत आले आणि चूक मजकुराच्या आत एका कोपऱ्यात ठेवत आले. यात लबाडी नाही. अर्धं ताट तरी मिळावं, हा हेतू चांगलाच आहे. पण जो फक्त वरचा आकडा मोजतो, त्याचा दिवा कायम हिरवा.

हे पाप मी केलंय. औषधं घरपोच करणाऱ्या एका कंपनीचं काम होतं. चार दिवस काही ऑर्डरींमधलं पत्त्याचं खानं रिकामं जात होतं आणि आमच्या भिंतीवरच्या पडद्यावर सगळं हिरवंगार. पाचव्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला, इन्सुलिन पोचलं नाही म्हणून. पडद्याने सांगितलं नाही, बाईंनी सांगितलं. तो फोन मी घेतला होता, अजून विसरलो नाही.

यावर उपाय जुना आहे आणि साधा आहे. चिठ्ठीला आत येतानाच एक नंबर द्यायचा. ज्या ज्या हातातून ती जाईल, त्या प्रत्येकाने लिहायचं: हा नंबर, माझ्याकडे इतक्या वाजता आला, मला अमक्याने दिला, मी इतक्या वाजता पुढे दिला, वाटेत हे हे झालं. अशा एकेका नोंदीला स्पॅन म्हणतात आणि सगळ्या जोडून जी साखळी होते तिला ट्रेस. मराठीत आपल्याकडे सुरेख शब्द आहे, माग. गूगलने आपल्या आतल्या डॅपर नावाच्या माग काढणाऱ्या यंत्रणेवर २०१० मध्ये निबंध प्रसिद्ध केला, त्यानंतर हे सगळीकडे पसरलं. मग दोन वेगवेगळे गट दोन वेगवेगळ्या पद्धती चालवत होते, ते २०१९ मध्ये एकत्र आले आणि ओपनटेलिमेट्री झाली. चिठ्ठीवरचा नंबर कसा लिहायचा याचंही एक मानक २०२० मध्ये ठरलं, म्हणजे एका कंपनीच्या सर्व्हरमधून दुसरीच्या सर्व्हरमध्ये गेली तरी चिठ्ठी तीच राहावी. लक्षात घ्या, गळेकापू स्पर्धेतल्या कंपन्या बसल्या आणि नंबर कसा लिहायचा यावर एकमत केलं. आपल्याकडे एकाच जिल्ह्यातल्या दोन खात्यांचं होत नाही.

तर आम्ही तपासायला बसलो. गंमत म्हणजे माग ठेवणारी यंत्रणा त्या फ्रेमवर्कमध्ये बसवलेली होतीच! पैसे मोजलेले होते, आलेख उमटत होते. फक्त ती तीन ठिकाणी फुटलेली होती.

एक तर वर सांगितलंच. खान्यातली चूक त्या खान्याच्या नोंदीवर चढतच नव्हती, कारण वरचा २०० बघून यंत्रणा समाधानी.

दुसरी फूट जास्त वाईट. नोंद वेळेआधीच बंद होत होती. पोरगा शेजारच्या दुकानात निघाला, दाराबाहेर पाऊल टाकलं की वहीत "काम झालं" लिहून मोकळे. तो परत आला की नाही, किती वेळाने आला, रिकाम्या हाताने आला का, याची नोंद घ्यायला वही उघडीच नाही. आलेखावर दिसायचं की पत्ता आणायला शून्य मिलिसेकंद लागले. शून्य! आम्ही खूश, केवढा वेगवान सर्व्हर.

तिसरी फूट समजायला दोन दिवस गेले. शेजारच्या दुकानात दर वेळी पोरगा पाठवणं परवडत नाही म्हणून दहा चिठ्ठ्यांचे पदार्थ एकदम आणायचे, अशी सोय असते. शहाणपणाचीच सोय आहे. पण त्या एकत्र खेपेवर नंबर कुणाचा लागायचा? जी चिठ्ठी पहिली आली तिचा. उरलेल्या नऊ चिठ्ठ्यांचा माग तिथेच तुटायचा. उशीर दहांमुळे, नाव एकाचं. आम्ही तो "एक" धरून आठवडाभर झोडपत होतो आणि तो बिचारा निर्दोष.

दुरुस्ती काय केली? नोंद तेव्हाच बंद करायची जेव्हा उत्तर खरंच हातात येईल, किंवा चूक हातात येईल. चूक आली तर त्या नोंदीवर लाल शिक्का, वरचा आकडा काहीही असो. आणि एकत्र खेपेला स्वतःचा वेगळा नंबर, त्यावर दहाही चिठ्ठ्यांचे दुवे. कोडच्या दोनेकशे ओळी असतील. नवा पडदा एकही घेतला नाही. दुरुस्ती चढवली त्या दिवशी आमचा हिरवा पडदा तासाभरात ठिकठिकाणी लाल झाला आणि वरच्या साहेबांचा फोन आला, "तुम्ही काय बिघडवलंत?" काहीच बिघडवलं नव्हतं. जे बिघडलेलं होतं ते दिसायला लागलं होतं.

आता चला वाशिष्ठीवर.

२२ जुलै २०२१ ची पहाट कुणाला सांगायला नको. एसटी स्टँडवर आगारातली माणसं रोकड घेऊन बसच्या टपावर बसून राहिली होती. वाशिष्ठीने कामथ्याच्या बाजूला कोकण रेल्वे अडवली. वीज गेली, फोन गेले. बाजारपेठेत ज्याने त्याने आपापल्या भिंतीवर नंतर रेघ मारून ठेवली, इथपर्यंत पाणी होतं म्हणून. २००५ ची रेघ खाली, ही वर. काही घरांत दोन्ही रेघा आहेत, पोरांची उंची मोजतात तशा.

त्या दिवसापासून चिपळुणात एकच वाद चालू आहे. पाणी कुठून आलं? चिंचनाक्यावर दहा जणांना विचारा. एक म्हणेल पाऊस, दुसरा म्हणेल कोळकेवाडी, तिसरा गाळ, चौथा भरती, पाचवा नवा हायवे आणि त्याचे भराव, सहावा म्हणेल शिवनदी बुजवून बांधलेली दुकानं. प्रत्येकाकडे एक व्हिडिओ आहे आणि प्रत्येकाची खात्री आहे.

ही झाली ती तिसरी फूट. खेप एकत्र आली, नाव एकाचं लागलं. तुमचा राग ज्याच्यावर, त्याचं नाव.

प्रत्यक्षात वाट कशी आहे बघा. कोयनेचं धरण पलीकडे सातारा जिल्ह्यात. शिवसागरातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला आणतात, पोफळीला वीज होते, ते पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात येतं, तिथून अलोऱ्याला पुन्हा वीज आणि मग वाशिष्ठीत. सगळा प्रकल्प मिळून १९६० मेगावॉट. पाणीवाटपाच्या लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलंय. धरणं जलसंपदाची, वीज महानिर्मितीची. म्हणजे चिपळूणच्या पुलाखालून जाणारं पाणी येण्याआधीच दोन जिल्हे आणि दोन साहेब ओलांडून आलेलं असतं. त्यात कोळकेवाडीच्या स्वतःच्या पाणलोटात घाटमाथ्यावरून पडलेला पाऊस, खालच्या ओढ्यांचा वेगळा, शहरात शिवनदी, आणि खालून दाभोळच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत चढणारी भरती. त्या दिवशी गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. समुद्र काय करणार हे पंचांगात आधीपासून छापलेलं होतं.

आता प्रश्न: त्या रात्री बारा ते सकाळी आठ, दर तासाला, घाटात पाऊस किती, कोळकेवाडीत पातळी किती, तिथून सोडलं किती, कुणाच्या आदेशाने, आदेश किती वाजता निघाला, कुणाला कळवला, त्याने पुढे कुणाला कळवला, खेर्डीला पाणी किती, गोवळकोटला भरती किती, आणि बाजारपेठेतल्या माणसाला पहिला इशारा किती वाजता मिळाला? एका कागदावर. एका घड्याळाप्रमाणे. तुमच्यापैकी कुणी असा कागद पाहिला असेल तर कृपया खाली टाका, मी जाहीर माफी मागून ही पोस्ट काढून टाकतो.

घड्याळाचं मुद्दाम लिहिलंय. हवामान खात्याचा "आजचा पाऊस" म्हणजे काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ. शेतीला, नोंदीला ते ठीक. पण चोवीस तासांत अमुक मिलिमीटर या आकड्यात पहाटे दोन ते चारमध्ये काय झालं ते विरघळून जातं. तेच पाणी दिवसभरात सावकाश पडलं असतं तर आपण भजी खात बसलो असतो. बेरीज म्हणजे माग नव्हे. आमच्याकडेही सरासरी वेळ दाखवणारे आलेख असतात, सरासरी नेहमी छान असते, आणि ज्या बाईंचं इन्सुलिन पोचत नाही त्या सरासरीत कुठेच नसतात. शिवाय प्रत्येक सर्व्हरचं घड्याळ वेगळं चालत असेल तर मागात पोर आईच्या आधी जन्मलेलं दिसतं. खात्यांच्या नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवा, असे चमत्कार तिथेही सापडतील.

मी धरणाला दोषी धरत नाहीये, हे नीट वाचा. कोळकेवाडीचा त्या रात्रीचा वाटा मोठा असेल, नगण्य असेल. मला ठाऊक नाही, आणि नाक्यावर छातीठोकपणे सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. माग असता तर जो निर्दोष आहे तो एका दिवसात सुटला असता. हे अधिकाऱ्यांना का कळत नाही मला समजत नाही. नोंद लपवून ते स्वतःला वाचवत नाहीत, आयुष्यभराचा संशय अंगावर घेतात.

पहिली फूट, म्हणजे हिरवा दिवा, ती तर वर आलीच. फक्त एवढं सांगतो की पुराच्या रात्री वीज आणि मोबाईल दोन्ही जातात, हे आपण भोगलंय. सेन्सर त्याच विजेवर आणि त्याच टॉवरवर. म्हणजे जेव्हा गरज तेव्हाच तो मुका. मुका झाला की दिवा करडा व्हायला हवा, "२ वाजून १० मिनिटांपासून आकडा नाही" असं ठळक दिसायला हवं आणि कुणीतरी बॅटरी घेऊन पुलावर पळायला हवं. आकडा न येणं हीच पुराच्या रात्रीची सगळ्यात मोठी बातमी असते.

आणि दुसरी फूट, काम व्हायच्या आधी वही बंद. त्यासाठी तिवऱ्याला जाऊ. लांब नाही, आपल्याच तालुक्यात.

२ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं. भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. धरणाला गळती आहे असं गावकऱ्यांनी आधी कळवलं होतं, हे तेव्हा सगळ्या पेपरांत आलं. म्हणजे सेन्सर होता! दोन पायांचा, तिथेच राहणारा, स्वतःच्या पोराबाळांसकट धरणाखाली झोपणारा. यापेक्षा चांगला सेन्सर कुठल्या कंपनीकडे मिळतो? आकडा आला होता, चिठ्ठी आत गेली होती. पुढे ती कुठल्या हातात थांबली, कुणी "पाहणी केली" लिहून वही बंद केली, हे विचारायचं सोडून तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं की गळती खेकड्यांमुळे झाली. हसलो आपण. विनोद फिरले, खेकड्यांना अटक करा म्हणून निवेदनं दिली गेली. पण मला तेव्हाही हसू आलं नाही, कारण माग नसला की हेच होतं. खात्री करता येत नाही म्हणून जो समोर दिसेल त्याच्या नावावर खेप टाकायची. आमच्याकडे ती एखाद्या निर्दोष रिक्वेस्टच्या नावावर पडते, तिवऱ्यात खेकड्याच्या नावावर पडली.

तक्रार "निकाली" निघणं आणि गळती थांबणं या दोन वेगळ्या घटना आहेत. कुठल्याही सरकारी पोर्टलवर तुमच्या अर्जाची स्थिती बघा. "संबंधित विभागाकडे वर्ग केले" आणि त्याखाली हिरवी खूण. वर्ग केलं की यांचं काम संपलं! दाराबाहेर पाऊल टाकलं की पोराची नोंद बंद. पुढच्या खात्यात अर्जाला नवा नंबर पडतो, जुना नंबर तिथे कुणी ओळखत नाही, आणि तुम्ही दोन पावत्या हातात घेऊन दोन टेबलांमध्ये फिरता. तो एक नंबर शेवटपर्यंत टिकवायचा, एवढीच तर मागणी आहे.

आता जे आक्षेप येणार आहेत ते मीच मांडतो. बैठकीनंतर चहाच्या वेळी बहुतेक येऊन गेलेच.

"खर्च कोण करणार?" हा प्रश्न खरा आहे, आम्हालाही येतो. प्रत्येक खान्याची नोंद ठेवायची म्हटलं तर सर्व्हर नोंदी लिहिण्यातच दमतो. म्हणून आम्ही सगळं नोंदत नाही. साधी, जागच्या जागी होणारी खानी सोडतो. जिथे काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं, तिथली नोंद मात्र कधीच सोडत नाही. शंभरातली एकच चिठ्ठी जपून ठेवायची अशीही काटकसर करतात, पण चुकलेली चिठ्ठी त्यात फेकली जाऊ नये याची सोय करावी लागते. नदीचंही तेच. दर पऱ्याला सेन्सर नको. हात बदलतात त्या चार-पाच जागा पुरेत, आणि पावसाळ्याच्या सगळ्या रात्री नको असतील तर ज्या रात्री इशारा निघाला त्या रात्रीचं पान तरी फाडू नका. आणि तंत्रज्ञान नाही म्हणू नका. कृष्णा आणि भीमा खोऱ्यासाठी धरणांचे आणि नद्यांचे आकडे जागच्या जागी गोळा करून पुराचा अंदाज बांधायची यंत्रणा याच राज्याने, याच जलसंपदा खात्याने उभी केली. महसूल मंडळांत महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. यंत्रं आहेत. त्यांच्यामधला दोरा नाही.

"लोक घाबरतील." काका, लोक आताच घाबरलेले आहेत. जुलैच्या कुठल्याही पावसाच्या रात्री व्हॉट्सॲप उघडा. "कोळकेवाडीचे दरवाजे उघडले" हा मेसेज दर वर्षी फिरतो, कधी कधी मागच्या वर्षीचाच. पेठमापात एक जण वाचतो आणि फ्रीज माळ्यावर चढवायला लागतो, त्याचं बघून मुरादपूर, शंकरवाडी. आकडा उघड नसेल तर अफवा हीच अधिकृत माहिती होते. दर तासाचा खरा आकडा समोर दिसला तर माणूस घाबरेल तेव्हा योग्य वेळी घाबरेल आणि गाडी उंचावर नेऊन लावेल.

"धरणाची माहिती म्हणजे सुरक्षेचा प्रश्न." यावर काय बोलणार! बोगद्याचे नकाशे कुणी मागितलेत? सोडलेल्या पाण्याचा आकडा मागतोय. ते पाणी शेवटी माझ्या स्वयंपाकघरात येतं, तिथे मी त्याची खोली फूटपट्टीने मोजू शकतो.

आणि एक आक्षेप आपल्याच लोकांचा. "गाळ काढला ना, झालं की." २०२१ च्या डिसेंबरात साखळी उपोषण झालं म्हणून गाळाला हात लागला, नाम फाउंडेशननेही मदत केली, त्या सगळ्यांचे उपकारच आहेत. गाळ काढायलाच हवा होता. पण त्याने पाणी किती उतरलं हे कशावरून ठरवणार? आधीचा माग नाही, नंतरचा नाही. पूर आला नाही म्हणजे गाळ काढल्याचा गुण, असं मानलं तर पूर आला की तोच गाळ पुन्हा दोषी. निळी रेषा आणि लाल रेषा आखल्या तेव्हा किती रान उठलं होतं आठवा. रेषा आखायला कुणीतरी आकडे वापरलेच असतील. आमच्या घरावरून रेषा काढण्याइतके ते आकडे पक्के होते, तर आम्हाला दाखवायला कच्चे कसे?

आता काम.

पहिलं. मी या सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. मागणी तीच, वर लिहिलेला कागद: २१ जुलै २०२१ संध्याकाळी सहा ते २२ जुलै संध्याकाळी सहा, दर तासाच्या नोंदी, पाऊस, पातळी, विसर्ग, आदेश आणि इशारा, प्रत्येकापुढे नोंद करणाऱ्याचं पदनाम आणि वेळ. जिथे नोंद नाही तिथे "नोंद नाही" असं लेखी. जलसंपदा, महानिर्मिती, तहसील, नगरपरिषद, चौघांना एकच मजकूर आणि एकच संदर्भ क्रमांक. तीस दिवसांची मुदत आहे. कुणी "संबंधित विभागाकडे वर्ग" केलं तर ते पत्रही इथे टाकीन, तारखेसकट. दुसऱ्या कुणाला आपल्या नावाने असाच अर्ज करायचा असेल तर मसुदा मागा, पण संदर्भ क्रमांक बदलू नका.

दुसरं, आणि हे तुमच्याशिवाय होणार नाही. त्या दिवशी तुम्ही काढलेले फोटो आणि व्हिडिओ. पाण्याचा प्रत्येक फोटो ही एक नोंद आहे, कारण फोन त्यात वेळ लिहून ठेवतो. जागा आणि वेळ मिळाली की बाजारपुलावर पाणी किती वाजता चढलं आणि मार्कंडीत किती वाजता पोचलं, हे आपलं आपण मांडू शकतो, कुठल्याही खात्याची वाट न बघता. पण एक लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि आतली वेळ पुसली जाते. तिथेही माग तुटतो! म्हणून फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. पिनेच्या खुणेवर दाबा, गॅलरी नको, डॉक्युमेंट निवडा. ग्रुपवर फिरून आलेला नको, ज्या फोनने काढला त्याच फोनमधला हवा. फोन बुडाला असेल आणि फोटो गूगलवर चढलेले असतील तर तिथून मूळ फाईल उतरवून द्या. सोबत एक ओळ लिहा: कुठे उभे होतात, कितव्या पायरीवर, पाणी चढत होतं की उतरत होतं.

ज्यांच्या भिंतीवर रेघ अजून आहे त्यांनी रंगकाम काढायच्या आधी तिची जमिनीपासूनची उंची मोजून कळवा. नंबर कमेंटमध्ये देत नाही, मला मेसेज करा.